रिकामा रकाना

आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना विकांताला काहीतरी हलकंफुलकं वाचायचंय त्यांना इथूनच कलटी मारता येईल. आजचा विषय आहे तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या लोकांचे बाप. म्हणजे, कोणाचा बाप कोण हे आज बसून कसं ठरवायचं. आणि माझं मत असं की पुष्कळ वेळा ते ठरवूच नये. वडिलांचा रकाना सरळ रिकामा सोडावा.

हा किडा माझ्या डोक्यात शिरला तो हापिसातल्या एका सहकाऱ्यामुळे. गृहस्थ मूळचे व्हर्जिनियाचे, घराण्याचा अभिमान बाळगून असणारे. जालावरच्या एका वंशावळीच्या साइटवर पैसे भरून त्याने आपलं झाड पार १६५० पर्यंत नेलेलं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मला दाखवत होता. मी आपला सवयीने डेटा बघायला लागलो (सोळा वर्षं लोकांचे डेटाबेस साफ केल्यावर दुसरं काही दिसतच नाही), तर १७४० च्या सुमाराला जन्मलेल्या एका पूर्वजाच्या आईचं वय त्याच्या जन्माच्या वेळी भरत होतं नऊ. म्हटलं, अरे हे काय? तर म्हणाला, "असेल काहीतरी, पण दोनशे झाडांत हेच आहे."

दोनशे झाडांत! आता तुम्ही प्रोग्रॅमर असाल तर इथे तुमचेही कान टवकारले असतील. दोनशे जणांनी एकच चुकीची फाइल कॉपी केली म्हणजे दोनशे पुरावे होत नाहीत. पुरावा एकच, तोही बहुधा शून्य. कुणा एकाला नाव-आडनाव जुळणारा, त्याच काउंटीतला माणूस सापडला, त्याने तो बाप म्हणून चिकटवला, आणि पुढे साइटच सगळ्यांना विचारत सुटली की तुमच्याही झाडात हा जोडू का? लोक 'हो' म्हणत गेले. मला त्या लोकांपेक्षा त्या बटणाचा राग येतो. ज्याने ते बनवलं त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं की 'माहीत नाही' हेसुद्धा उत्तर असतं. डेटाबेसमध्ये त्याला नल म्हणतात आणि ती काही शिवी नव्हे.

बरं, हे कोडं मुळात एवढं गुंतागुंतीचं का? कागद नाहीत म्हणून, हे अर्धंच उत्तर. व्हर्जिनियाचं दुर्दैव खरंच मोठं आहे. यादवी युद्धाच्या वेळी बऱ्याच काउंट्यांनी आपली दप्तरं सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला पाठवली, आणि १८६५ च्या एप्रिलमध्ये रिचमंडच जळालं. न्यू इंग्लंडमध्ये मात्र गावोगावच्या कारकुनांनी जन्म-मृत्यू-लग्न बऱ्यापैकी टिपून ठेवलेत. पण कागद असले तरी ते वाचता यायला हवेत, आणि वाचता येणं म्हणजे नुसतं अक्षर लागणं नव्हे.

उदाहरणार्थ 'ज्युनिअर' हा शब्द. आपण म्हणणार, सोप्पंय, सीनिअरचा मुलगा. पण त्या काळात गावात एकाच नावाचे दोघे असले की मोठा तो सीनिअर आणि धाकटा तो ज्युनिअर. काका-पुतणे असतील, लांबचे भाऊ असतील, काहीही नातं नसेलही. त्यातून मोठा वारला की कालचा ज्युनिअर आज सीनिअर, म्हणजे एकाच माणसाला दोन पदव्या. 'कझिन' म्हणजे अनेकदा पुतण्या किंवा भाचा. 'सन-इन-लॉ' म्हणजे जावई असेल, पण सावत्र मुलगाही असेल. मृत्युपत्रात 'माझी आत्ताची बायको' असं लिहिलेलं दिसलं की लोक लगेच ठरवतात की आधीची एक होती आणि मोठी मुलं तिची. बऱ्याचदा ते नुसतं वकिली दक्षतेपोटी लिहिलेलं असतं. आणि एक मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव ठेवायची पद्धत होती, त्यामुळे एकाच घरात एकाच नावाची दोन मुलं सापडतात.

वर पुन्हा दिनदर्शिकेची गंमत. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये आणि तिच्या वसाहतींत कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे एखाद्या जोडप्याचं लग्न मे १७०१ मध्ये आणि मुलाचा जन्म फेब्रुवारी १७०१ मध्ये नोंदलेला दिसला, तर आपण डोळे मिचकावतो, 'अच्छा, लग्नाआधीच!' किंवा 'बाप दुसराच कोणी असणार!' प्रत्यक्षात तो फेब्रुवारी त्या मे महिन्यानंतर नऊ महिन्यांनी आला. सगळं कसं अगदी रीतसर. बिचारी तीनशे वर्षांपूर्वीची बाई, आणि आज तिच्या चारित्र्यावर शिंतोडे का, तर कुणी वर्षारंभाचा हिशेब केला नाही म्हणून. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्मही त्या काळच्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१चा, आपण साजरा करतो २२ फेब्रुवारी १७३२.

आता तुम्ही म्हणाल, मग जाणकार लोक करतात तरी काय? त्यांचं काम बघायला मला मनापासून आवडतं. बॉस्टनच्या न्यूबरी स्ट्रीटवर १८४५ साली स्थापन झालेल्या वंशावळ सोसायटीचं ग्रंथालय आहे, तिथे शनिवारी जाऊन बसलं की कळतं. हे लोक 'बापाचं नाव' शोधत बसत नाहीत, जमीन शोधतात. वसाहतकाळच्या व्हर्जिनियात माणूस मृत्युपत्र न करता मेला तर जमीन थोरल्या मुलाकडे जायची; हा कायदा १७८५ मध्ये रद्द झाला. म्हणजे समजा एका माणसाने जमीन घेतल्याचा कागद आहे, आणि चाळीस वर्षांनी दुसऱ्याच कुणीतरी तीच जमीन विकल्याचा कागद आहे, पण मधे विक्रीचा, बक्षीसपत्राचा, मृत्युपत्राचा कुठलाच कागद नाही. मग हा विकणारा बहुधा त्या घेणाऱ्याचा वारस. मुलगा किंवा नातू. मॅसॅच्युसेट्समध्ये थोरल्याला दुप्पट वाटा असे, त्यामुळे तिथे वाटपाच्या आकड्यांवरून कोण थोरला ते कळतं. मग करदात्यांच्या याद्या: कुणाच्या घरात कुठल्या वर्षी सोळा वर्षांचा पोरगा नव्याने दिसायला लागला. मग साक्षीदार, शेजारी, जामीन राहिलेले लोक. अशी एकेक वीट. शेवटी जे उभं राहतं त्याला 'दाट शक्यता' म्हणायचं की 'सिद्ध', यावर हे लोक पानंच्या पानं भांडतात. डोनाल्ड लाइन्स जेकबस नावाच्या गृहस्थाने १९२० च्या दशकात एक नियतकालिक काढून या भांडणाला शिस्त लावली, त्याआधी अमेरिकेत वंशावळी म्हणजे बव्हंशी श्रीमंतांना राजघराण्याशी जोडून द्यायचा धंदा होता. (आपल्याकडे भाटांनी हेच केलं, तेव्हा हसायचं कारण नाही.)

दगडावर कोरलेलंही चुकू शकतं याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे जॉन हाऊलंड. मेफ्लॉवर जहाजावरून १६२० मध्ये आलेला, वाटेत वादळात समुद्रात पडून पुन्हा वर ओढला गेलेला तोच. त्याची बायको ही गव्हर्नर जॉन कार्व्हरची मुलगी, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जाई. एकोणिसाव्या शतकात प्लिमथला त्याच्या नावाचा दगड उभारला, त्यावरही तेच कोरलं. गव्हर्नर ब्रॅडफर्डने हाताने लिहिलेला वसाहतीचा इतिहास तेव्हा गहाळ होता. क्रांतियुद्धाच्या धामधुमीत नाहीसा झालेला तो ग्रंथ १८५५ मध्ये चक्क लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडला. त्यात स्वच्छ लिहिलेलं: हाऊलंडची बायको एलिझाबेथ, जॉन टिलीची मुलगी. झालं! दोनशे वर्षांची गव्हर्नरांची कन्या एका रात्रीत साध्या टिलीबाई झाल्या. दगड नंतर बदलावा लागला.

पण हे झालं सोपं प्रकरण. एक चांगला कागद आला आणि सुटलं. कागद असूनही सुटत नाही असं प्रकरण त्याच जहाजावर आहे, आणि ते वाचल्यापासून माझी झोप उडालीय म्हटलं तरी चालेल.

मेफ्लॉवरवर मोर नावाची चार भावंडं होती. एलिनोर, जॅस्पर, रिचर्ड, मेरी. वयं चार ते आठ. आई-बाप बरोबर नाहीत. तीन वेगवेगळ्या कुटुंबांत वाटून दिलेली. लोक समजायचे, असतील कुणी अनाथ. मग १९५९ च्या सुमाराला इंग्लंडमधल्या त्या मोर घराण्याच्या वंशजाकडे एक जुना कागद निघाला आणि पुढच्या वर्षी त्यावर अँथनी वॅग्नर यांचा लेख छापून आला. गोष्ट अशी: श्रॉपशरमधल्या सॅम्युएल मोर आणि कॅथरिन मोर यांचं १६११ मध्ये लग्न लावलं गेलं. दोघं एकाच भाऊबंदकीतली, जमीन घराण्यात राहावी हा हिशेब. तो सतरा वर्षांचाही नव्हता, ती पंचविशीची. चार मुलं झाली, चौघांचा बाप्तिस्मा सॅम्युएलची मुलं म्हणून झाला. मग १६१६ मध्ये सॅम्युएलने जाहीर केलं की ही मुलं माझी नाहीत, शेजारच्या जेकब ब्लेकवेची आहेत, चेहरेच सांगतात. मुलं आईपासून काढून कुळांकडे ठेवली. कॅथरिन तिथे वारंवार जायची, त्यांना परत न्यायचा प्रयत्न करायची. शेवटी १६२० मध्ये त्याने ती अमेरिकेला जाणाऱ्या जहाजावर चढवली. पहिल्याच हिवाळ्यात तिघं गेली. उरला एकटा रिचर्ड. तो सेलमला खलाशी-कप्तान होऊन म्हातारा होईतो जगला. चार्टर स्ट्रीटच्या दफनभूमीत त्याचा दगड आजही आहे.

आता सांगा, रिचर्डच्या बापाच्या रकान्यात काय भरायचं? चर्चची नोंदवही म्हणते सॅम्युएल. सॅम्युएल म्हणतो ब्लेकवे. जालावरच्या निम्म्या झाडांत हा आहे, निम्म्यांत तो. पण तो कागद मुळात का लिहिला गेला ते बघा. कॅथरिनने १६२२ मध्ये न्यायाधीशांकडे अर्ज केला की माझी मुलं कुठे आहेत. त्याला उत्तर म्हणून सॅम्युएलने दिलेलं ते निवेदन आहे. म्हणजे चार पोरं जहाजावर चढवून त्यातली तीन मेल्यावर, स्वतःच्या बचावासाठी एका माणसाने लिहिलेला कागद. कॅथरिनने ब्लेकवेशी आधीच वाङ्निश्चय झाल्याचं म्हटलं होतं, असंही त्यात आहे. पण तिचं ते म्हणणंसुद्धा आपल्यापर्यंत येतं नवऱ्याच्या लेखणीतून, नवऱ्याच्या घराण्याने जपून ठेवलेल्या कागदावरून. बहुधा ब्लेकवेच असावा असं मलाही वाटतं. पण 'वाटतं' आणि रकाना भरणं यात फरक आहे. मी असतो तर आई कॅथरिन एवढंच पक्कं लिहून पुढे टिपण जोडलं असतं.

उलट प्रकारही आहेत. बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा विल्यम, जो पुढे १७६३ मध्ये न्यू जर्सीचा गव्हर्नर झाला, त्याचा बाप सगळ्या जगाला माहीत आहे. आई कोण हे आजतागायत कुणालाही माहीत नाही. त्या विल्यमच्या मुलाच्या आईचंही तेच. इथे मात्र गंमत बघा, लोक रकाना बिनदिक्कत रिकामा ठेवतात. आईचा रिकामा चालतो, बापाचा खुपतो. आपल्या कुलवृत्तांतांत लेकीची ओळ लग्नापाशी संपते आणि सुनेचं माहेर कित्येकदा सापडत नाही, तेव्हा आपणही कुठे अस्वस्थ होतो?

"मग डीएनए आहे की!" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. आहे ना. पण दहा पिढ्या मागे गेलं की १०२४ पूर्वजांच्या जागा होतात (न्यू इंग्लंडच्या छोट्या गावांत एकच माणूस त्यातल्या चार जागा अडवून बसलेला असतो, ते वेगळंच). आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांचा एक कणही तुमच्या शरीरात आलेला नसतो. थुंकी पाठवून 'माझा १६९०चा पणजोबा कोण' असं विचारणं म्हणजे दहा वेळा अर्धी अर्धी पुसलेली डिस्क वाचायला देण्यासारखं आहे. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र जास्त टिकाऊ, पण त्याला सख्ख्या भावांतला फरक कळत नाही. उमेदवार दोन भाऊ असले की ते गप्प.

इथपर्यंत माझं म्हणणं सरळ होतं: पुरावा नाही तर नाव नाही. पण याच नियमाने एका फार मोठ्या लोकसमूहावर दोनशे वर्षं अन्याय झालाय, आणि ते सोडून पुढे गेलो तर हा लेख लबाड होईल.

थॉमस जेफरसन आणि सॅली हेमिंग्ज. ती त्याची गुलाम, आणि त्याच्या दिवंगत बायकोची सावत्र बहीणही (दोघींचा बाप एक, जॉन वेल्स). जेम्स कॅलेंडर नावाच्या पत्रकाराने १८०२ मध्येच हे छापलं होतं की तिची मुलं जेफरसनची आहेत. तिचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये एका ओहायोतल्या वर्तमानपत्राला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तरी इतिहासकार म्हणत राहिले, पुरावा कुठाय? जेफरसनच्या गोऱ्या नातवंडांनी मात्र सांगितलं की बाप त्याच्या बहिणीच्या मुलांपैकी, कार बंधूंपैकी कुणीतरी. तेही तोंडीच. त्यालाही कागद नव्हता. पण ते मात्र वर्षानुवर्षं ग्राह्य धरलं गेलं! ॲनेट गॉर्डन-रीड या बाईंनी १९९७ च्या पुस्तकात नेमकं यावर बोट ठेवलं: दोन्ही बाजूंच्या तोंडी साक्षी, पण एकीला तराजू वेगळा.

मग १९९८ मध्ये वाय गुणसूत्राची तपासणी झाली. जेफरसनला औरस मुलगा उरला नव्हता म्हणून त्याच्या चुलत्याचे, फील्ड जेफरसनचे, पुरुषवंशज घेतले. सॅलीच्या धाकट्या मुलाच्या, एस्टनच्या वंशजाशी ते जुळले. कार घराण्याशी जुळले नाहीत. म्हणजे नातवंडांची साक्ष एस्टनपुरती तरी निकालात. आता काटेकोर माणूस म्हणेल, जुळलं ते जेफरसन घराण्याशी; थॉमसच कशावरून, त्याचा भाऊ रँडॉल्फही होताच की. बरोबर आहे. म्हणूनच इथे गुणसूत्राला कागदाची जोड लागली. सॅलीच्या प्रत्येक मुलाच्या गर्भधारणेच्या सुमाराला थॉमस मॉन्टिसेलोला होता, एरवी तो महिनोन् महिने बाहेर असे. आणि तिची जगलेली सगळी मुलं गुलामीतून सुटली, जे तिथल्या दुसऱ्या कुठल्याच कुटुंबाच्या बाबतीत घडलं नाही. मॉन्टिसेलो चालवणाऱ्या संस्थेने २००० साली हे सगळं एकत्र मांडून मान्य केलं. पुढच्या वर्षी काही विद्वानांनी विरोधी अहवाल काढला. तो मी वाचला, मला पटला नाही. त्याच तपासणीत थॉमस वुडसनचे वंशजही होते. त्यांच्या घरातही हीच कथा पिढ्यान् पिढ्या सांगितलेली. त्यांचं जुळलं नाही. म्हणजे घरची कथा नेहमी खरी असते असंही नव्हे.

मग नियम काय उरला? माझ्यापुरता असा: रकाना रिकामा ठेवण्याआधी विचारायचं, कागद का नाही? शेतातल्या घराला आग लागली म्हणून नाही, की मुद्दाम लिहू दिला नाही म्हणून नाही? पहिल्या प्रकारात गप्प बसावं. दुसऱ्या प्रकारात तोंडी साक्ष ही साक्षच आहे. ती उलटतपासावी, पण दारातून हाकलू नये.

आणि हे काही आजचं पुरोगामी खूळ नव्हे. १६५६ मध्ये व्हर्जिनियाच्या नॉर्थंबरलँड काउंटीत एलिझाबेथ की नावाच्या बाईने कोर्टात दावा लावला की माझा बाप इंग्रज, थॉमस की, म्हणून मी गुलाम नाही. बाप मेलेला. बाप्तिस्मा झाला असला तरी पितृत्वाचा सरळ कागद कुणाकडे नव्हता. मग साक्षी झाल्या. ऐंशी वर्षांची एक म्हातारी उभी राहिली आणि म्हणाली, आम्हा सगळ्यांना माहीत होतं ही कीसाहेबांची पोर, आणि त्यावरून त्यांना दंडही झाला होता. दुसऱ्या एका साक्षीत आलं की तिची आईच म्हणायची, ही कीसाहेबांची मुलगी. निकाल खाली-वर झाला, पण अखेर ती सुटली. तिचा वकील विल्यम ग्रिनस्टेड, स्वतः करारबद्ध नोकर. त्याच्याशीच तिने लग्न केलं.

सहा वर्षांनी, १६६२ मध्ये, व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा केला की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल. इंग्लंडच्या रिवाजाच्या नेमकं उलट. त्यानंतर गुलाम बाईच्या मुलाचा बाप कोण हे लिहून ठेवण्यात कुणाचाच फायदा उरला नाही, मळ्याच्या मालकाचा तर नाहीच. गोऱ्या अविवाहित मुलीला मूल झालं तर गाव बापाचं नाव वदवून घ्यायचं, कारण नाहीतर पोराचा खर्च पॅरिशच्या गळ्यात. तिथे कागदच कागद आहेत. इकडे दोनशे वर्षांचे लाखो रिकामे रकाने.

एलिझाबेथ कीचे वंशज आज पुष्कळ आहेत आणि त्यांच्या झाडांत बाप व्यवस्थित भरलेला असतो, कोर्टात सिद्ध झालेला. तिच्या आईचं म्हणणं साक्षीत कोर्टाला सांगितलं गेलं, पण आईचं नाव कुणी घेतलं नाही. जालावर काही झाडांत तेही भरलेलं दिसेल. ते कुठून आणलं एवढं फक्त विचारा.